बंपर नसलेली गाडी

११ जानेवारी १९८७

आज शेडवर एक गाडी आली. आजवर या हातांनी जे जे ठोकून सरळ केलं ते सगळं चाकं लावलेलं टिनाचं कपाट होतं. ही गाडी. जपानी, दोन दारांची, लाल, जमिनीला पोट टेकवून चालणारी. मालक कुवेतहून परत आलेला. पेडगावजवळ कडब्याच्या बैलगाडीला घासून डावं दार चेपवून आणलंय. बटण दाबलं की पुढचे दिवे बॉनेटमधून डोळे उघडावेत तसे वर येतात. मालक चहाला गेला तेव्हा पाच-सहा वेळा दाबून पाहिलं.

आणि या माणसानं मागच्या सीटवर तुरीचं पोतं टाकलेलं. म्हटलं, साहेब, हे उतरवून ठेवा. "कामून? वझं जास्त होतंय का?" वझं नाही, लाज जास्त होते. बोललो नाही. पोतं मीच उतरवलं, जरा आपटूनच.

संध्याकाळी दिगंबर आला. आठवीपासूनचा दोस्त, शेड त्याच्याच बापाच्या प्लॉटवर. स्टिअरिंग धरून बसला तो उतरेचना. "मिल्या, असली गाडी आपुन बनवू." मी हसलो. तो नाही हसला. "आज्याची जुनी हेराल्ड मोटार गोठ्यात सडायलीय. सांगाडा तिचा, अंग तू बनव. दोघांची गाडी. रस्त्यावर पयल्यांदा तूच काढायची, मी बाजूला बसतो. आईशप्पथ."

म्हटलं, आणि तुझे वडील, आबासाहेब? "तू फिकीर नको करू. आबाचं मी बघतो."

१८ जानेवारी

जपानी गाडी गेली. दार असं काढून दिलं की कुठं चेपलं होतं ते मालकालाच सापडेना. त्याआधी सुतळी लावून सगळी मापं घेतली. नाकाची उंची, काचेचा उतार, शेपटीवरचा पंख. मालक म्हणाला, "शर्ट शिवायलास का काय तिला?" होय, शर्टच.

३ फेब्रुवारी

हेराल्ड आली. आली म्हणजे बैलांनी ओढून आणली. डिकीत कोंबडीनं संसार मांडलेला. जुनं अंग उतरवलं. हिचं एक बरं आहे, अंग वेगळं आणि खालचा सांगाडा वेगळा, म्हणून तर हे जमणार आहे.

दि., म्हणजे दिगंबर, हैदराबादच्या फुटपाथवरून विलायती गाड्यांची जुनी मासिकं घेऊन आला. त्याला ती इटलीची पाचरीसारखी पाहिजे, दारं वर उघडणारी, इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीमागं. मला जर्मनीची पाहिजे, मागं घसरत गेलेल्या पाठीची. "इंजिन मागं टाकू" म्हणे. म्हटलं, तुझ्या आज्यानं टाकलं होतं का मागं? दुपारभर भांडलो. शेवटी इंजिन पुढंच, नाक त्याच्या पसंतीचं, पाठ माझ्या, आणि दिवे त्या जपान्याचे. तिकडं हल्ली टर्बोशिवाय कुणी बोलत नाही. आमचं इंजिन साध्या पुलाच्या चढालाही खोकणार. रूप चित्त्याचं, दम म्हशीचा. असू दे. आधी रूप तरी येऊ दे.

८ मार्च

साचा मातीचा करायचा ठरलं. माती गाडीच्या आकाराची थापायची, वर फायबर चढवायचं, सुकलं की आतली माती खरवडून काढायची. दि. नं शेतातून दोन बैलगाड्या काळी माती आणली. "आमच्या काळीसारखी माती साऱ्या मराठवाड्यात न्हाई." मीही मान डोलावली. कमरेइतक्या चिखलात दोघं. त्याला नाक जमेना, माझ्याकडून चाकावरची कमान फसली, तरी दिवस कसा गेला कळलं नाही. असं काम असलं की माझं डोकं थंड राहतं.

२० मार्च

साचा फाटला. नाकापासून शेपटीपर्यंत, बोट जाईल एवढ्या भेगा. सकाळी शेड उघडली आणि बघतच राहिलो. दरवर्षी उन्हाळ्यात साऱ्या जिल्ह्याचं रान आमच्या डोळ्यांसमोर भेगाळतं, आणि आम्ही दोन बाप्ये त्याच मातीची गाडी करायला निघालो. दि. ला वाट्टेल ते बोललो. तो म्हणे तूही होतास. होतो. म्हणून तर जास्त राग आला.

आई दवाखान्यातली ड्यूटी संपवून डबा द्यायला आली, आणि तिथंच बसून हसली. आठ-नऊ वर्षांत तिला एवढी हसताना पाहिलं नव्हतं.

२८ मार्च

आता पांढरी माती. दि. च्या गावची गढी ढासळलीय, तिथून आणली. भुसा, शेण घालून मळली. धरते छान.

आबासाहेब बघायला आले. मी समोर उभा असताना मुलाला विचारतात, "मिस्त्री काय म्हणतोय? जमंल का त्याला?" मिस्त्री बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून तुमच्या ओसरीवर येतोय. त्याला नाव आहे. दि. म्हणाला, "जमतंय आबा." त्यानं तरी म्हणायचं होतं, मिलिंद म्हणतोय जमतंय. एवढंच.

१६ मे

उन्हानं जीव खाल्ला. फायबर चिकटवायचं रेझिन कालवलं की भांड्यातच दगड. पहाटे उजाडताच सुरू करतो आणि ऊन चढायच्या आत थांबतो. फायबरची काच अंगभर. आई माझे कपडे तिच्या कपड्यांत भिजवत नाही. "ही काच हाय का खाजकुयली?"

दि. चे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेत. एक दिवस चुकवला नाही गड्यानं. राग कितीही असो, हे लिहून ठेवलं पाहिजे.

७ जुलै

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्याला गेलो. घसा बसला. परत आलो तर दि. शेडमध्ये एकटाच पॉलिशपेपर मारत बसलेला. अंग साच्यावरून उतरलंय, उलटं ठेवलं की होडी दिसते.

म्हणाला, "नावानं काय होतंय रे? पाटी बदलून पोरं हुशार होणार हायत का?"

म्हटलं, नावानं काही होत नसलं तर लिहू द्या की मग. तुमचं काय जातंय?

"तसं न्हाई मिल्या..."

मग कसं? अंधार पडेपर्यंत दोघं एकाच दाराच्या दोन बाजूंनी घासत होतो.

७८ साली याच नावावरून गावातलं आमचं घर जाळलं, आई आणि मी नेसत्या कपड्यांनी परभणीला आलो, तेव्हा याच्याच खोलीवर राहिलो. यानं घरी सांगितलं होतं की परीक्षा आहे, जास्त डबा पाठवा. हे मला विसरता येत नाही आणि आजचं बोलणंही गिळता येत नाही. सरळ वाईट असता तर बरं झालं असतं.

२३ ऑगस्ट

रंगावरून वाजलं. मी निळा कालवून पट्टीवर मारून ठेवला होता. गडद, उन्हात आत चमक मारणारा, त्या जर्मन गाडीच्या फोटोतला. दि. नं पट्टी हातात घेतली, फिरवली, ठेवली.

"निळा नको."

"का?"

"लोक म्हणतील तुमची गाडी हाय."

"मग? माझी नाही?"

"तसं न्हाई रे. तुमची म्हणजे... तुला कळायलंय मी काय म्हणतो ते."

कळतंय. चांगलं कळतंय. डबा उचलून मोरीत ओतणार होतो, पण रंग हैदराबादहून आणलेला, आणि रंगानं काय घोडं मारलंय? बाजूला ठेवून दिला. गाडी लाल होणार. लालसुद्धा चांगलाच दिसेल, हेही कबूल करावं लागतंय, त्याचा वेगळा राग.

१४ सप्टेंबर

चालली! शेडच्या आवारात दोन फेऱ्या. मला ठरल्याप्रमाणे रस्त्यावरच चालवायचीय म्हणून आवारात दि. ला दिली. क्लच सोडताना असा दचका दिला की पंखाचा एक बोल्ट उडून शिंदीच्या झाडात गेला. क्लच म्हणजे बैलाची शेपटी वाटते याला.

दिवे सायकलच्या ब्रेकच्या तारेवर उचललेत. एक डोळा झटक्यात उघडतो, दुसरा विचार करून. ते बसवून टाकीन.

पण दिसते कशी! शेजारचा टायरवाला नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हे आम्ही केलं. परभणीत, या शेडमध्ये.

मुहूर्त दसऱ्याचा म्हणे. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला न्यायची आणि परत येताना बाजारातून. म्हटलं दसऱ्याला आम्ही नागपूरला असतो, दीक्षाभूमीवर. दुसरा दिवस धर. "आबा ऐकायचे न्हाईत. आणि तुझ्याबिगर कशी निघंल? चालवणार तर तूच." बरं म्हटलं.

दसऱ्याचा आदला दिवस

आई वस्तीतल्या लोकांसोबत ट्रकनं नागपूरला गेली. गाठोडं देताना म्हणाली, "तिकडं समदे जायलेत अन् तू नारळ फोडायला थांबलास व्हय?"

नारळ फोडायला नाही आई, गाडी चालवायला.

"चालवू देतील?"

तिच्यावर ओरडलो. ट्रक भरलेला, सगळ्यांसमोर. तिनं पदर डोक्यावर घेऊन तोंड फिरवलं. दिवसभर कामात लक्ष नाही. गाडी मात्र तीनदा पुसली.

दसरा

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळीच गाडी बाहेर काढून ठेवली. नवा शर्ट घातला होता मी. आबासाहेब आले, भाऊबंद आले, गुरुजी आले. हार, चाकांखाली लिंबं. गंध लावताना गुरुजींनी विचारलं, मालक कोण? दि. पुढं झाला. झाला तर झाला, पण एकदा माझ्याकडं बघायचं तरी.

मग नारळ. इथं प्रत्येक गाडीचा नारळ बंपरवर फुटतो. अँबेसिडर असो, जीप असो, लोखंडावर आपटला की झालं. या गाडीला बंपरच नाही. नाक मोकळं, तेच तर तिचं सगळं रूप. आबासाहेब नारळ हातात घेऊन बंपर शोधत वाकले. मी ओरडलो, आबासाहेब, खाली दगडावर फोडा, फायबर आहे! मागून कुणीतरी म्हणालं, "ए मिस्त्री, मधीमधी बोलू नको." आणि त्यांनी हात उचलून नाकावर घातला.

नारळ फुटला नाही. नाक फुटलं. तो आवाज मी ओळखला. बाकी कुणाला काही कळलंच नाही. आबासाहेबांनी परत तिथंच घातला, तेव्हा नारळ फुटला, पाणी भेगेत गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दि. ला कळलं होतं. त्याचं तोंड मी पाहिलं. आठ महिने त्यानंही तेच नाक घासलंय. तरी त्यानं बापाचा हात धरला नाही.

मी चावी घेऊन दाराशी गेलो तर त्यानं हात पुढं केला. हळूच म्हणाला, "मिल्या, आज आबा बसायलेत बाजूला. देवाला दाखवून येतो. तू मागून मोटारसायकलवर ये."

म्हटलं, चालवणार कोण ठरलं होतं?

"अरे, समद्यांसमोर कुठं..."

आणि मी चावी दिली. का दिली? त्या हाताचाच राग येतोय मला. फेकायची होती विहिरीत. निदान विचारायचं होतं मोठ्यानं, सगळ्यांसमोर. गाडी दचके खात गेली, एक दिवा उघडा, एक मिटलेला. माणसं मागून जीपनं गेली. मी कुठंच गेलो नाही. चुरमुऱ्याचा प्रसाद कुणीतरी माझ्या हातात ठेवून गेलं होतं. कुत्र्याला टाकला.

दसऱ्यानंतर

आई आली. माझ्याकडं बघितलं आणि आधी चहा ठेवला. तिला म्हटलं, त्या दिवशी ओरडलो, चुकलं माझं. "चुकलं तर चुकलं. पोळी खातोस का?"

१७ ऑक्टोबर

पेपरात आलंय. फोटोसकट. 'तरुण बागायतदाराची कमाल, स्वतः घडवली स्पोर्ट्स कार.' दि. बॉनेटवर हात ठेवून उभा, भेग झेंडूचा हार टाकून झाकलेली. अगदी शेवटी एक ओळ, 'या कामी एका स्थानिक मिस्त्रीचे सहकार्य लाभले.'

टायरवाल्यानं वाचून दाखवलं मला. कौतुकानं! म्हणे तुमच्या दोस्ताचं नाव झालं.

१८ ऑक्टोबर

दि. च्या खोलीवर गेलो. पेपर समोर टाकला.

"मी सांगितलं होतं त्यांना तुझं नाव."

"पूर्ण सांगितलंस?"

त्यानं पेपर उलटा करून ठेवला.

"पूर्ण सांगितलंस का?"

"मिलिंद सांगितलं. आडनाव न्हाई सांगितलं."

"कामून?"

"वाद नको म्हणून. आबाचे लोक, तुला माहीत हाय, दिवस कसले चालू हायत..." मग म्हणाला, "गाडी तुझीच हाय रे. मला मालूम हाय की."

तुला मालूम असून काय करायचंय? आपल्या दोघांना पहिल्या दिवसापासून मालूम आहे. ते बाहेर कुणाला मालूम आहे का, एवढंच तर आहे सगळं. असं बरंच बोललो. तो खाटेवर बसून नखं बघत होता. उठून दोन कानाखाली द्याव्यात असं वाटलं. दिल्या नाहीत. पेपर उचलून घेतला आणि जिना उतरलो.

१२ नोव्हेंबर

दि. चं लग्न जमलं. मुलगी परभणीचीच, लग्न इथंच. हे मला टायरवाल्याकडून कळलं.

२६ नोव्हेंबर

गाडी शेडच्या दारात. दि. नं आणली, मान खाली. लग्नात याच गाडीतून निघायचंय, नाक दुरुस्त करून दे. लाल रंग जुळवणं दुसऱ्याला जमणार नाही. ते खरंच आहे.

"न्हाई म्हणालास तरी मी काही म्हणणार न्हाई."

मोठा उपकार. म्हटलं, ठेव. तुझ्यासाठी नाही. मी केलेलं नाक फुटकं घेऊन ती गावभर हिंडते, ते मला बघवत नाही.

हार काढला. भेग बरीच आत गेलीय. कडा कापून आतून दोन थर द्यावे लागतील. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आतपर्यंत पडलेल्या. दिव्याच्या तारेचाही बंदोबस्त करतो.

३ डिसेंबर

आज दि. नाचतच आला. "आबा हो म्हणले! जानवशापासून मारुतीला, तिथून मांडवापर्यंत, तूच चालवायची. मी बाजूला. ठरलं होतं तसं."

माझा विश्वास बसेना. खरं सांगतो, छाती भरून आली. रंगाचा हात तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला.

मग विचारलं, आबा नेमकं काय म्हणाले?

इकडंतिकडं बघायला लागला. "म्हणले... मुंडावळ्या बांधल्यावर तुला पुढचं काय दिसणार? डायव्हर तर लागतोच."

आणि पिशवीतून कपडे काढले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, टोपी. "समद्या डायव्हरला सारखेच शिवलेत आबानं. तू एकटाच येगळा दिसू नको म्हणून." त्याला खरंच वाटत होतं की मी खूश होईन! हेच मला कळत नाही. माणूस हुशार आहे, बी. ए. आहे, आणि एवढं दिसत नाही त्याला. की दिसतं?

पिशवी खिळ्याला टांगली. जा म्हटलं, मला थर द्यायचाय.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "घालू नको." बस, एवढंच. मग थोड्या वेळानं, "पण गाडी चांगली करून दे. ती काय करणार बिचारी."

६ डिसेंबर

पहाटे बाबासाहेबांना अभिवादन करून आलो. दिवसभर शेवटचा रंग. आज मन शांत होतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भेग कुठं होती ते आता मलाही हात फिरवून शोधावं लागतं.

८ डिसेंबर

आज लग्न. दुपारचे तीन झालेत. शेडमध्ये बसून लिहितोय. गाडी तयार आहे, दोन्ही दिवे एकदम उघडतात. पिशवी खिळ्यालाच आहे. चावी माझ्या खिशात.

आधी आबासाहेबांचा माणूस आला. "मिस्त्री, गाडी मागायलेत." म्हटलं, ज्याची आहे त्याला पाठव. तो गेला. आता येतील काठ्या घेऊन असं वाटलं. शेड त्यांच्या जागेवर आहे, उद्या रस्त्यावर येऊ शकतो मी. आईला सकाळीच सांगितलंय. ती म्हणाली, रस्त्यावरून तर आलो होतो.

आला दि. एकटा. हळद लागलेल्या नवऱ्यानं घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं, तरी मागच्या दारानं निघून आला. डोक्याला टॉवेल, कान पिवळे.

"चल मिल्या, लय उशीर व्हायलाय."

कपडे घालणार नाही म्हटलं.

"नको घालू. हाय तसा चल. आबाला मी बघतो."

आबाला तू बघतोस हे जानेवारीपासून ऐकतोय. मी सांगितलं काय पाहिजे ते. गाडी मांडवासमोर थांबली की उतरायच्या आधी मोठ्यानं सांगायचं. ही गाडी मिलिंदनं बनवलीय, दोघांची आहे. आडनावासकट सांगायचं.

"आज? लग्नात?"

"लग्नातच. उद्या ऐकायला कोण येणार आहे?"

"सासरचे लोक हायत रे. पाहुणे हायत समदे."

"म्हणूनच."

तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसलाय तेव्हापासून. पाणी मागितलं, दिलं. एकदा उठून गाडीपाशी गेला, नाकावरून हात फिरवला, भेग शोधत होता बहुतेक. सापडली नाही. परत येऊन बसला. जानवशाकडं बँड सुरू झालाय. मला वाटलं होतं मी ओरडेन, शिव्या देईन, सगळं तयार होतं. पण मी नुसता लिहीत बसलोय आणि तो नुसता बसलाय.

रस्त्यावरून हाका येताहेत. नवरदेवाला शोधायला निघालेत. कुणीतरी म्हणतंय, शेडमध्ये बघा.

दि. उठला. वाटलं, गेला. गेला नाही. त्यानं शेडचं दार आतून लावून घेतलं आणि पाठ लावून उभा राहिलाय. हो म्हणालेला नाही अजून. मीही चावी काढलेली नाही.